ग्रॅव्हल बाईकची सॅडल कशी निवडायची: आधी पुठ्ठा, मग दुकान

उरुळी कांचनच्या बाजूला मुठा उजव्या कालव्याच्या कडेने मातीचा रस्ता जातो, त्यावर सकाळी सात वाजता ग्रॅव्हल बाईक (कच्च्या, खडीच्या रस्त्यांसाठीची सायकल) चालवण्यासारखं सुख नाही. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला ऊस आणि चाकाखाली मुरूम. पण चाळिसाव्या किलोमीटरला बूड दुखायला लागलं की हे सुख संपतं, मग ना ऊस दिसत ना पाणी, घर कधी येतंय एवढंच डोक्यात राहतं. माझं हे जवळजवळ वर्षभर चाललं. तेवढ्या काळात तीन सॅडल, म्हणजे सायकलच्या सीट, बदलल्या, आणि तिन्ही वेळा मी सॅडल किती मऊ आहे एवढंच बघत होते. बघायचं होतं ते माझ्या बुडाच्या दोन हाडांमधलं अंतर आणि मी सायकलवर किती वाकून बसते ते. हे दोन आकडे घरी पंधरा मिनिटांत कळतात आणि फुकट कळतात, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय. घाई करू नका, एकेक पायरी करत जा.

ग्रॅव्हलवर सॅडलचं काम वेगळं असतं

डांबरी रस्त्यावर चढ आला की आपण पेडलवर उभं राहून रेटतो, तेवढीच बुडाला विश्रांती मिळते. सुट्या खडीच्या चढावर तसं उभं राहिलात तर मागच्या चाकावरचं वजन कमी होतं आणि चाक जागच्या जागी फिरतं. म्हणजे बसूनच चढायचं, तेही पुढे सरकून सॅडलच्या नाकावर, म्हणजे पुढच्या निमुळत्या टोकावर. उतारावर उलट, बूड मागे न्यायचं, आणि तिथे सॅडलची मागची कड शॉर्टमध्ये अडकली तर तोल जातो. सपाटीवर ट्रॅक्टर आणि ट्रकने रस्ता पन्हाळी पत्र्यासारखा करून ठेवलेला असतो, त्याची थरथर थेट हाडात जाते. थोडक्यात आपण रोड बाईकपेक्षा जास्त वेळ बसून असतो, जास्त धक्के खातो आणि सॅडलवर पुढेमागे जास्त सरकतो, म्हणून रोडवर चार तास चाललेली सॅडल मुरमावर दोन तासांत नकोशी होऊ शकते. बसायची पद्धतसुद्धा मधलीच असते, रोडवाल्यांइतकं आडवं नाही आणि एमटीबीवाल्यांइतकं (माउंटन बाईकवाल्यांइतकं) सरळही नाही.

पायरी १: सॅडलला दोष द्यायच्या आधी तीन गोष्टी तपासा

पहिली टायरमधली हवा. खूप लोक ४० एमएमच्या टायरमध्ये ५५-६० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरून फिरतात आणि मग सॅडल कडक आहे म्हणतात. ६५-७० किलोच्या माणसाला ट्यूबलेस ४० एमएमवर ३० ते ३५ पीएसआय पुरतं, ट्यूब असेल तर थोडं जास्त ठेवा म्हणजे खडीवर ट्यूब चिमटून पंक्चर होणार नाही. एवढ्यानेच निम्मी थरथर कमी झालेली मी स्वतः अनुभवली आहे.

दुसरी सीटची उंची. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभं राहायचं, एक जाड पुस्तक पायांमध्ये धरून जांघेपर्यंत घट्ट वर ओढायचं, पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजायचं आणि त्याला ०.८८३ ने गुणायचं. माप ८० सेमी आलं तर उत्तर ७०.६ सेमी. हे अंतर क्रँकच्या (पेडलच्या दांड्यांच्या) मधल्या बोल्टपासून सीट ट्यूबच्या (सीटखालच्या फ्रेमच्या उभ्या नळीच्या) रेषेत सॅडलच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत धरायचं. हा फक्त सुरुवातीचा आकडा आहे, ग्रॅव्हलवर बरेच जण त्याच्यापेक्षा ३-५ एमएम खालीच ठेवतात. सीट जास्त उंच असली की प्रत्येक पेडलला कंबर डावीउजवीकडे डुलते आणि तेवढ्या वेळा कातडी घासते, तासाला पाच हजार वेळा घासल्यावर जगातली कुठलीही सॅडल काचणारच. मागून चालणाऱ्या मित्राला सांगा, कंबर डुलतेय का बघ.

तिसरी शॉर्ट. पॅडवाली शॉर्ट थेट अंगावर घालायची, आत अंडरवेअर नाही. हे अजूनही बऱ्याच जणांना माहीत नसतं, आणि अंडरवेअरची शिवण नेमकी हाडाखाली येते. दोन-तीन तासांच्या वर जाणार असाल तर खांद्यावरून पट्टे येणारी बिब शॉर्ट घ्या, पॅड जागचं हलत नाही. क्रीम लावायचं तर सायकलिंगसाठी मिळतं तेच लावा, पेट्रोलियम जेली पॅडमध्ये मुरते आणि धुऊनही नीट निघत नाही. आणि शॉर्ट एकदा घातली की धुवायची, उलटी करून उन्हात वाळवायची. पावसाळ्यात वाळत नाही म्हणून दोन जोड हवेत, ओलसर शॉर्टने जांघेत जे फोड येतात ते सॅडलच्या खात्यावर लिहू नका.

या तिन्ही गोष्टी नीट करूनही दुखत असेल तर पुढे चला.

पायरी २: नेमकं कुठे दुखतंय ते ओळखा

"सीट टोचते" एवढं पुरेसं नाही. राईडवरून आल्यावर आंघोळीच्या वेळी हाताने चाचपून बघा, कुठे लाल झालंय, कुठे हुळहुळतंय, एका बाजूला की दोन्ही.

मागच्या दोन हाडांवर, बरोबर बसतो तिथे दुखत असेल तर तुम्ही निदान हाडांवर बसताय, ही चांगली गोष्ट आहे. नवीन असाल किंवा मोठ्या सुट्टीनंतर सुरू केलं असेल तर पहिले दोन आठवडे हे होणारच, त्या जागेला सवय लागावी लागते. नंतरही राहिलं तर सॅडल अरुंद आहे, किंवा इतकी मऊ आहे की हाडं आतल्या कडक तळाला जाऊन टेकताहेत.

जांघेत आतल्या बाजूने घासत असेल तर नाकापासून मागच्या रुंद भागापर्यंतचा उतार तुमच्यासाठी फार पसरट आहे. अशी सॅडल मांड्यांना रस्ताच देत नाही.

फक्त एकाच बाजूला दुखतंय तर आधी सॅडल सरळ आहे का बघा, वरून बघितल्यावर नाक टॉप ट्यूबच्या (फ्रेमच्या वरच्या आडव्या नळीच्या) रेषेत हवं. ती सरळ असूनही एकाच बाजूला दुखत असेल तर पायांच्या लांबीत फरक किंवा कंबरेचा प्रश्न असू शकतो, तिथे बाईक फिट करणाऱ्या जाणकाराला दाखवलेलं बरं.

आणि बधिरता. पुढच्या नाजूक भागाला मुंग्या येणं, जाणीव कमी होणं, पुरुष असो की बाई, हे अजिबात सहन करायचं नाही. दोन हाडांच्या मधून प्युडेंडल नावाची नस आणि रक्तवाहिन्या जातात, शरीराचं वजन हाडांवर न येता त्यांच्यावर आलं की भाग बधीर होतो. हाडांच्या दुखण्याला सवय लागते, नसेवरच्या दाबाला सवय लागत नाही. राईड संपल्यावरही बधिरता टिकत असेल तर सायकल बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा, लाज वाटण्यासारखं यात काहीही नाही.

इथे बायकांसाठी वेगळं लिहायचंय कारण दुकानात हे बोलायला अवघड जातं आणि मग कित्येक जणी सायकलच सोडतात. पुढच्या भागात सूज येणं, लघवीला जळजळ होणं, एका बाजूची त्वचा सोलपटणं, हे "सवय होईल" या सदरात मोडत नाही. मला स्वतःला एका दुकानात जाड जेलची रुंद सीट "लेडीजसाठी हीच बेस्ट" म्हणून दिली होती, आणि सगळ्यात जास्त त्रास तिनेच दिला. वाकून बसल्यावर तिचा मऊ मधला भाग वर यायचा आणि नको तिथे दाबायचा. बायकांची हाडं सरासरीने थोडी जास्त अंतरावर असतात हे खरं, पण सरासरीवर सॅडल घेता येत नाही, मोजावंच लागतं.

पायरी ३: पुठ्ठा आणि दोन खळगे

सगळ्या लेखात एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

सामान: खोक्याचा पन्हाळीदार पुठ्ठा, साधारण ३० बाय ४० सेमी, जुना दाबला गेलेला नको, कोरा हवा. बसायला दगडी पायरी, लाकडी पाट किंवा कडक स्टूल. पेन, मोजपट्टी, मोबाईलचा टॉर्च. गादीवाली खुर्ची चालत नाही.

पातळ चड्डी किंवा लेगिंग घाला, मागे खिसे असलेली जीन्स नको. पुठ्ठा पायरीवर ठेवा, त्यावर बसा. पाय जरा उंचावर घ्या, दोन विटांवर किंवा खालच्या पायरीवर, म्हणजे गुडघे कंबरेपेक्षा थोडे वर येतील. आता पुढे वाका आणि दोन्ही हातांनी पायरीची कड धरून स्वतःला खाली ओढा, मिनिटभर. डुलू नका. उठताना सरळ वर उठा, घसरत उठलात तर खळगे लांबट होतात.

पुठ्ठा नुसता बघितला तर काही दिसत नाही. खोलीतला दिवा बंद करा आणि टॉर्च पुठ्ठ्याला जवळजवळ चिकटवून आडवा धरा, दोन उथळ खळगे सावलीमुळे एकदम उठून दिसतात, साधारण रुपयाच्या नाण्याएवढे. तरी दिसत नसतील तर बोटाने हळू चाचपा, पन्हाळी जिथे मेलेली असते तिथे बोट बसतं. प्रत्येक खळग्याच्या मध्यावर पेनने ठिपका द्या आणि ठिपक्यापासून ठिपक्यापर्यंत मिलिमीटरमध्ये मोजा. नवीन पुठ्ठा घेऊन तीनदा करा. तीन मापांत ३-४ एमएमचा फरक चालतो, १० चा आला तर कुठेतरी बसायला चुकलंय.

बहुतेक मोठ्या माणसांचं माप १०० ते १५० एमएमच्या दरम्यान येतं, आणि अंगकाठीवरून त्याचा अंदाज येत नाही. माझा भाचा सहा फूट उंच, माझ्यापेक्षा वीस किलोने जास्त, त्याचं माप आलं ११२. मी पाच फूट दोन इंच, माझं १२८. "मावशी, तुझी सीट माझ्यापेक्षा रुंद कशी काय?" असं तो दोनदा म्हणाला आणि मग परत मोजलं, तेवढंच आलं.

आता या मापात किती मिळवायचं ते तुमच्या वाकण्यावर आहे. बैठकीची हाडं खालून बघितली तर ती दोन वाकड्या पट्ट्यांसारखी असतात, मागे एकमेकींपासून लांब आणि पुढे जवळ येत गेलेल्या. ताठ बसलं की मागचा रुंद भाग टेकतो, वाकलं की ओटीपोट पुढे फिरतं आणि टेकण्याची जागा पुढे, म्हणजे अरुंद भागाकडे सरकते. म्हणून खूप आडवं होऊन सतत ड्रॉप (हँडलचा खाली वळलेला भाग) पकडणाऱ्यांनी १० एमएम मिळवायचे, ग्रॅव्हलच्या नेहमीच्या बैठकीला २०, जरा सरळ बसून सामान लादून फिरणाऱ्यांनी ३०, आणि शहरातल्या सायकलसारखं ताठ बसणाऱ्यांनी ४०. माझं १२८ अधिक २०-२५, म्हणजे १५० च्या आसपास. भाच्याचं १३२ ते १३७.

आता बाजारात मापं बघा. स्पेशलाइज्ड कंपनीची पॉवर नावाची सॅडल १३०, १४३, १५५ आणि १६८ अशा रुंदीत येते, फिझिकची ग्रॅव्हलसाठीची आर्गो टेरा १५० आणि १६० मध्ये, ब्रूक्सची कँबियम सी१५ साधारण १४० आणि सी१७ साधारण १६२. डब्ल्यूटीबी आपल्या सॅडलना नॅरो, मीडियम, वाईड म्हणते. मी १५५ घेतली, भाच्याने १४३. दोन मापांच्या मधे अडकलात तर ग्रॅव्हलसाठी मोठं घ्या, मांड्या घासायला लागल्या तरच लहानाकडे जा.

एक गोम आहे. कंपनी सांगते ती रुंदी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची असते, आणि कडा खाली झुकलेल्या असल्या तर टेकायला मिळणारा सपाट भाग त्याहून बराच कमी असतो. म्हणून एका कंपनीची १४३ आणि दुसऱ्या कंपनीची १४३ एकसारखी नाही. सॅडल मागून, डोळ्यांच्या रेषेत धरून बघा. मागून गोल घुमटासारखी दिसत असेल तर हाडं उतारावर टेकतील आणि आतला दाब वाढेल, सपाट असेल तर हाडं नीट टेकतील.

पायरी ४: आकार

रुंदी जमली की आकार. बाजूने बघा, काही सॅडल सरळ पट्टीसारख्या असतात, काही मधे खोलगट आणि मागे उचललेल्या. खोलगट सॅडल एका जागी पकडून ठेवते, चढावर मागचा उंचवटा आधार देतो. सरळ सॅडलवर पुढेमागे सरकायला मोकळीक असते. माझं मत, तांत्रिक उतार आणि खराब रस्ते जास्त करणाऱ्यांनी सरळ किंवा अगदी किंचित खोलगट घ्यावी, फार खोलगट असेल तर एकाच जागी चार तास दाब पडत राहतो आणि हलायला जागा मिळत नाही.

नाकाची लांबी. जुन्या पद्धतीच्या सॅडल २७० ते २८० एमएम लांब, आखूड नाकाच्या २४० ते २५०. ही आखूड नाकाची लाट २०१५ च्या सुमारास पॉवरपासून रोडवर जोरात आली आणि आता जवळपास प्रत्येक कंपनीच्या ग्रॅव्हल सॅडलमध्ये दिसते. खूप वाकल्यावर पुढचं नाक टोचत नाही हा तिचा मोठा फायदा. तोटा असा की चढावर नाकावर सरकून बसायची सवय असेल तर तिथे नाकच कमी असतं. पानशेतच्या बाजूला चढउताराचे कच्चे रस्ते करणारी माझी एक मैत्रीण याच कारणाने परत लांब सॅडलवर गेली, आणि तिचं बरोबर आहे. कालव्याच्या सपाट रस्त्यावर मात्र मला आखूडच आवडते.

मधली फट. काहींना आरपार कापलेली असते, काहींना नुसती खोबण. पुढे बधिरता येत असेल तर फट असलेली आधी वापरून बघा, पण फटीच्या कडा बोटाने चाचपा. कडा तीक्ष्ण असतील तर मधला दाब कमी होऊन त्या दोन रेषांवर वाढतो, आणि बायकांना याचा त्रास जास्त होतो, सूज नेमकी फटीच्या कडेवर येते. अशांसाठी फटीच्या जागी खूप मऊ फोम भरलेल्या सॅडल मिळतात, स्पेशलाइज्ड त्याला मिमिक म्हणते. फट किती रुंद आहे यापेक्षा ती कुठे सुरू होते हे जास्त बघा, वाकून बसल्यावर तुमचा नाजूक भाग जिथे टेकतो तिथपर्यंत ती पुढे आली पाहिजे.

पावसाळ्यातली एक गोष्ट कुणी सांगत नाही. आरपार फट असेल आणि मागे मडगार्ड नसेल तर मागचं चाक लाल पाणी सरळ त्या फटीतून वर उडवतं. दहा मिनिटांत पॅड चिखलाने भरतं आणि मग वाळूच्या कागदावर बसल्यासारखं होतं. सॅडलच्या रेलमध्ये (सॅडलखालच्या दोन दांड्यांमध्ये) अडकवायचा प्लॅस्टिकचा छोटा मडगार्ड मिळतो, तो घ्या, किंवा खालून बंद असलेली सॅडल घ्या.

पायरी ५: मऊ की कडक, कशाची बनलेली

अंगठ्याने जोरात दाबून बघा. थोडा विरोध करत हळू दबली पाहिजे आणि अंगठा तळाला लागता कामा नये. दुकानात दोन मिनिटं बसून जी सगळ्यात छान वाटते ती तीन तासांनी सगळ्यात वाईट निघते, कारण हाडं आत रुततात आणि त्यांच्या मधला भाग फुगून वर येतो. म्हणूनच वरून घालायचं जेलचं कव्हर घेऊ नका, ते सरकतं पण आणि रुंदीही बिघडवतं.

साध्या फोमची, स्टीलमिश्रधातूच्या रेलची सॅडल ग्रॅव्हलला उत्तम चालते. थ्रीडी प्रिंट केलेल्या जाळीदार सॅडल खरंच आरामदायक आहेत, जागेनुसार मऊपणा बदलता येतो हे त्यांचं वैशिष्ट्य, पण महाग आहेत आणि उघड्या जाळीत कोकणातली लाल माती जाऊन बसली की ब्रश घेऊन बसावं लागतं. टायटॅनियम रेल थोडी लवचिक, वजनाला हलकी. कार्बन रेल गोल नसते, उभट अंडाकृती असते, बहुतेक ७ बाय ९ एमएम, आणि ७ एमएम गोल रेलसाठी बनवलेल्या क्लॅम्पमध्ये (रेल पकडणाऱ्या चिमट्यात) ती बसवली तर चिरडते, त्यामुळे सीटपोस्टचा (सॅडलखालच्या उभ्या दांड्याचा) क्लॅम्प बघितल्याशिवाय घेऊ नका. मोठी सॅडलबॅग लावून दोन-तीन दिवस फिरणार असाल तर कार्बन रेल नकोच.

चामड्याची सॅडल हा वेगळाच संसार आहे. ब्रूक्स ही इंग्लंडची कंपनी १८६६ पासूनची, आणि तिची बी१७ शंभराहून जास्त वर्षं बनतेय. चामडं शेकडो किलोमीटरनंतर तुमच्या हाडांच्या आकाराचं होतं, त्यानंतर लांबच्या टूरला तिच्यासारखी दुसरी नाही. पण ती अर्धा किलोच्या वर भरते, रुंद आहे म्हणून सरळ बसणाऱ्यांनाच जमते, आणि आपल्या जुलै-ऑगस्टमध्ये भिजलेल्या चामड्यावर बसून चालवलं तर ते सैल पडतं. कव्हर, प्रूफाईड नावाचं त्यांचं मेण, सावलीत वाळवणं, एवढं करायची तयारी असेल तरच घ्या. नसेल तर त्यांचीच कँबियम बघा, रबराची आणि वर सुती कापड, पाण्याची फिकीर नाही.

सस्पेन्शनवाला सीटपोस्ट घेऊ का, असं बरेच विचारतात. घ्या, पण सॅडल जमल्यावर. तो खालून येणारे धक्के कमी करतो, चुकीच्या रुंदीचा दाब कमी करत नाही. आणि बसल्यावर तो थोडा खाली दबतो, त्यामुळे उंची तेवढी वाढवून ठेवावी लागते.

पायरी ६: उसनी घ्या, मग विकत

आकडे आणि आकार कळले की लगेच ऑर्डर टाकू नका. तुमच्या ग्रुपमध्ये कुणाच्या तरी घरी न जमलेली सॅडल माळ्यावर पडलेली असतेच, विचारा. पुण्या-मुंबईत काही दुकानं आणि बाईक फिटवाले टेस्ट सॅडल देतात किंवा ठरावीक दिवसांत बदलून देतात, ते आधी विचारून, बिलावर लिहून घ्या. सेकंडहँड घेताना उलटी करून रेल तळात जिथे घुसतात तिथे भेग आहे का बघा, आणि वरून बघून दोन्ही बाजू सारख्याच झिजल्यात ना बघा. ऑनलाइन नाव नसलेल्या अगदी स्वस्त कार्बन सॅडल मिळतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका, खड्ड्यात रेल तुटली तर जे होतं त्याची कल्पनाही नको.

पायरी ७: बसवणं

जुनी सॅडल काढायच्या आधी मापं घ्या, हे विसरलात तर सगळं मुळापासून करावं लागेल. सॅडलवर जिथे रुंदी ८० एमएम आहे ती जागा पट्टीने शोधून तिथे टेपचा तुकडा लावा. त्या जागेपासून क्रँकच्या मध्यापर्यंतची उंची आणि हँडलच्या मध्यापर्यंतचं अंतर लिहून ठेवा. नवीन सॅडलवरही ८० एमएमची जागा शोधा आणि तीच दोन मापं जुळवा. नाकाच्या टोकावरून जुळवलंत तर फसाल, कारण आखूड नाकाची सॅडल मग दोन-तीन सेंटिमीटर पुढे जाऊन बसेल आणि गुडघे बोलायला लागतील. नवीन सॅडलची जाडी वेगळी असते, म्हणून उंची परत मोजायचीच.

कल. सायकल सपाट फरशीवर उभी करा, सॅडलवर एक पातळ कडक वही लांबीच्या दिशेने सपाट ठेवा, तिच्यावर मोबाईल ठेवून लेव्हलचं ॲप उघडा. सॅडल मागे उचललेली असेल तर वही फक्त पुढच्या आणि मधल्या भागावर ठेवा. सुरुवात शून्यापासून. पुढे दाब वाटला तर नाक अर्धा अंश खाली, मग परत अर्धा. नाक तीन अंशांपेक्षा जास्त खाली न्यावं लागत असेल तर सॅडलच चुकीची आहे किंवा हँडल फार लांब आहे. नाक जास्त खाली केलं की तुम्ही पुढे घसरत राहता, हातांवर वजन येतं, तळवे आणि मान दुखते, आणि लोक मग हातमोजे बदलत बसतात.

बोल्टला जरा ग्रीस लावा आणि क्लॅम्पवर जेवढे न्यूटन मीटर (बोल्ट किती घट्ट करायचा त्याचं माप) छापलेत तेवढंच आवळा. मुरमाच्या थरथरीत सैल बोल्ट पाऊण तासात कल बदलतो.

पायरी ८: पहिले शंभर किलोमीटर

पहिल्या दिवशी घराजवळ अर्धा तास डांबरावर. मग दीड तास कच्च्यावर. मग तीन-चार तास. खिशात ४, ५ आणि ६ एमएमची ॲलन की (षटकोनी पाना) ठेवा. एका वेळी एकच बदल, एक तर कल, नाहीतर उंची, नाहीतर पुढेमागे. दोन गोष्टी एकदम बदलल्या की बरं कशामुळे वाटलं ते कळत नाही. मी मोबाईलमध्ये तारीख, बदल आणि कुठे दुखलं एवढं लिहायचे, सहाव्या राईडला चित्र स्पष्ट झालं.

हाडांच्या दुखण्याला पाच-सहा राईड द्या, दर वेळी थोडं कमी होत गेलं पाहिजे. बधिरतेला मात्र कल आणि उंची सुधारायच्या दोन संधी, तिसऱ्यांदा आली तर ती सॅडल परत. काचण्याला तीन राईड, तेवढ्यात शॉर्ट बदलून बघा.

चालवतानाही सॅडलवर गोणीसारखं बसून राहू नका. दर दहा-पंधरा मिनिटांनी अर्धा मिनिट उभं राहून चालवा, रक्त परत वाहू द्या. सुटी खडी किंवा दगड आले की दोन्ही पेडल आडवे करून बूड दोन बोटं वर उचला, वजन पायांवर घ्या, सायकल खाली नाचू दे. जड गिअरवर पाय जोर देत असतात तेव्हा सॅडलवर वजन कमी पडतं, हलक्या गिअरवर निवांत फिरवताना सगळं वजन बुडावर येतं, म्हणूनच लांबच्या सपाट निवांत राईडला जास्त दुखतं आणि चढावर कमी. हे कळल्यापासून मी कालव्यावर मुद्दाम मधूनमधून एक गिअर जड टाकते.

सगळं जमलं की सीटपोस्ट जिथे फ्रेममध्ये घुसतो तिथे इलेक्ट्रिकलच्या टेपचा एक वेढा घ्या, आणि रेलवर क्लॅम्पच्या दोन्ही बाजूंना मार्करने रेघ मारा. मोबाईलवर कलाच्या आकड्याचा फोटो काढून ठेवा. सर्व्हिसिंगला सायकल दिली की सीट वरखाली होतेच, आणि पाच एमएमचा फरक डोळ्यांना दिसत नाही, पण तासाभरात बुडाला कळतो. आणून आधी टेप बघायची, मग निघायचं.